जुन्या बुलेटच्या हेडला ऑइल नीट पोचवायचंय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या कास्ट आयर्न बुलेट घेणारी नवीन पोरं हल्ली भरपूर वाढलीत, कुणी आजोबांची गाडी बाहेर काढतंय, कुणी एमएच ०४ पासिंगची पडीक गाडी उचलून उभी करतंय, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की वरून रॉकरचा, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचा, आवाज येतो, हेडला ऑइल जात नाही वाटतं, तर मोठा पाइप टाकू का, भोकं ड्रिल करून मोठी करू का, डबल पंप लावू का. हे सगळं करता येतं, पण क्रम चुकला की चांगली गाडी धूर मारायला लागते, म्हणून मी ज्या क्रमाने करतो तो क्रम इथे नीट लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो. हे सगळं जुन्या ३४६ सीसी कास्ट आयर्न इंजिनसाठी आहे, उजव्या पायाला गिअर आणि किक दोन्ही असलेलं, ज्याच्या उजव्या बाजूने एक बारीक पाइप बाहेरून हेडपर्यंत जातो ते. २०१० च्या सुमारास या इंजिनाच्या जागी युनिट कन्स्ट्रक्शनवालं यूसीई आलं, त्यात हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि ऑइलची सगळी रचनाच वेगळी आहे, त्यामुळे तुमची गाडी ती असेल तर यातलं काही करू नका.

ऑइल वर जातं कसं ते आधी समजून घ्या

हा भाग वाचून सोडून देऊ नका कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्या कास्टिंगमध्येच मागच्या बाजूला असते. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात, एक फीडचा आणि एक रिटर्नचा. क्रँकच्या टोकाला एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, असतो, तो पंपाचा स्पिंडल फिरवतो, स्पिंडलच्या दोन्ही टोकांना एक्सेंट्रिक पिन असतात आणि त्या पिनवर छोटा प्लंजर बसतो, प्लंजर आतबाहेर होतो आणि त्याची डिस्क डावीउजवीकडे डोलते, डोलताना भोक उघडतं-बंद होतं, बस एवढाच पंप. फीड पंप टाकीतलं ऑइल ओढून फेल्ट फिल्टरमधून क्रँकच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, देतो. तिथून ऑइल उडून क्रँककेसच्या तळाला पडतं, ते रिटर्न पंप उचलतो आणि रॉकरला जाणारा बारीक पाइप याच रिटर्नच्या बाजूला जोडलेला असतो. वर रॉकर भिजवून झाले की ऑइल पुशरॉडच्या, म्हणजे रॉकर ढकलणाऱ्या दांड्यांच्या, बोगद्यातून खाली टायमिंग चेस्टमध्ये, म्हणजे टायमिंग कव्हरच्या आतल्या जागेत, येतं आणि तिथून परत टाकीत.

आता यातून दोन गोष्टी निघतात, ज्या बऱ्याच गॅरेजमध्ये कुणी समजावून सांगत नाही. पहिली, हेडला मिळणारं ऑइल फिल्टर होऊन येत नाही, ते थेट क्रँककेसच्या तळातलं असतं, म्हणजे गाळ, गॅसकिटचे तुकडे, सिलिकॉन पेस्टचे धागे हे सगळं सरळ त्या बारीक पाइपात. दुसरी, हा प्लंजर पंप आहे, एका फेरीत ठरलेलं माप उचलणार म्हणजे तेवढंच उचलणार. त्यामुळे पाइप जाड केला म्हणून ऑइल वाढत नाही. वाढतं कशाने, तर पंपातली गळती थांबवल्याने, अडथळा काढल्याने, इंजिन थोडं जास्त फिरवल्याने किंवा पंपच मोठा लावल्याने.

खरंच ऑइल कमी आहे का ते बघा

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मेन स्टँडवर लावा, आयडलला ठेवा आणि हेडवर पाइप जोडणाऱ्या दोन पोकळ बँजो बोल्टपैकी मागचा, म्हणजे इनटेकच्या बाजूचा, एक आटा सैल करा. पुढचा सैल करू नका, तिथून गरम ऑइल थेट सायलेन्सरच्या बेंडवर पडतं. खाली फडकं धरा, हातात मोजे घाला. वायसरच्या कडेने ऑइल झिरपायला लागलं पाहिजे आणि थ्रॉटल थोडा दिला की वाढलं पाहिजे. ते बुडबुडे मारत, थांबत-थांबत येईल, त्याला घाबरायचं कारण नाही, रिटर्न पंप तळातून ऑइलबरोबर हवाही ओढतो त्यामुळे हेडला ऑइल असंच येतं. काहीच आलं नाही तर इंजिन लगेच बंद.

सोबत अजून एक लक्षण बघा. सुरू केल्यावर बराच वेळ निळा धूर, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइल बाहेर आणि डिपस्टिकवर लेव्हल कमी, असं सगळं एकदम असेल तर रिटर्न पंप आळशी झालाय, तळातलं ऑइल उचललं जात नाही आणि त्यामुळेच हेडलाही मिळत नाही, म्हणजे रोग एक आणि लक्षणं दोन. फक्त रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या किकला थोडा धूर आला तर ते वेगळं, टाकीतलं ऑइल हळूहळू तळात उतरलेलं असतं. म्हणूनच या गाडीची लेव्हल थंड इंजिनवर बघायची नाही, काही मिनिटं चालवून बंद करून मग बघायची, नाहीतर लेव्हल कमी दिसते म्हणून लोक वरून ओततात आणि मग जिथून-तिथून ऑइल बाहेर येतं.

आणि आवाज येतोय म्हणजे ऑइलच कमी असं पण नाही. टॅपेट, म्हणजे पुशरॉड आणि व्हॉल्व्हमधली फट, आधी सेट करा. या इंजिनाचे पुशरॉड खालून अ‍ॅडजस्ट होतात, उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की दिसतात. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, पुशरॉड दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली खेळला नाही पाहिजे. अर्ध्या गाड्यांची टकटक इथेच संपते, पुढे काही करावंच लागत नाही.

पहिलं काम: खाली उतरायची वाट

सगळे वर पाठवायच्या मागे लागतात आणि खाली येण्याचा विचार कुणी करत नाही. सोसायटीत पाण्याचा पंप मोठा लावला आणि गच्चीवरचा ड्रेन तुंबलेला असला तर काय होतं, तसंच इथे. रॉकर बॉक्समध्ये ऑइल साचलं की ते इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडमधून आत ओढलं जातं, कारण या जुन्या हेडला आजच्या गाड्यांसारखे व्हॉल्व्हचे ऑइल सील नसतात. मग निळा धूर, प्लग काळा, आणि मालक म्हणतो रिंगा गेल्या.

तर रॉकर कव्हर दोन्ही काढा. आत काळा चिकट थर असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून फडक्याने उचला, खाली ढकलू नका, खाली ढकललेला गाळ टायमिंग चेस्टमधून परत टाकीतच जाणार आहे. मग एका छोट्या कपाने ताजं ऑइल पुशरॉडच्या भोकापाशी सोडा, ते लगेच गडप झालं पाहिजे. तळं करून थांबलं तर बोगद्यात गाळ आहे, जुन्या गाड्यांत गॅसकिटला थापलेली जास्तीची पेस्ट तिथे लोंबत असते, ती काढा. भोकाच्या कडेला कास्टिंगची बर, म्हणजे उरलेली धारदार कड, असेल तर बारीक गोल कानशीने फक्त ती धार घालवायची, भोक मोठं करायचं नाही, आणि हे करताना बोगद्यात कापड कोंबून ठेवा म्हणजे लोखंडाचा कीस आत जाणार नाही. कापड नंतर काढायला विसरू नका.

ब्रीदर पण याच कामात धरा. ब्रीदरच्या नळीच्या टोकाला रबरी चोचीसारखा एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तो कडक झाला किंवा चिकटला की क्रँककेसमध्ये प्रेशर बनतं, आणि प्रेशर खालून वर ढकलत असताना ऑइल खाली येणार कसं? नवीन रबर टाका, स्वस्तातलं काम आहे आणि फरक मोठा पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात छोट्या छोट्या अंतराला गाडी चालवली, समजा कोपरी ते ठाणे स्टेशन रोज, तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि ब्रीदरच्या नळीत दुधाच्या चहासारखा रंग झालेला चिकट पदार्थ जमतो. तो ओलाव्याचा असतो, नळी काढून रॉकेलने धुवा आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब काढा.

दुसरं काम: पाइप आणि बँजो बोल्ट

पाइप काढा. खाली एक जोड, वर दोन. प्रत्येक जोडाला बँजोच्या दोन्ही बाजूंना वायसर, म्हणजे एकूण सहा. पाइपाच्या प्रत्येक तोंडातून टॉर्च मारून बघा, आणि इथे जरा वेळ घालवा. बाजारात चकाकणारे क्रोमचे पाइप मिळतात त्यांच्यात बऱ्याचदा ब्रेझिंग करताना पितळेचा थेंब आत ओघळून निम्मं भोक बंद झालेलं असतं, बाहेरून पाइप एक नंबर दिसतो. रॉकेलमध्ये भिजवा, बारीक तार फिरवा, हवा मारा, मग खालच्या तोंडातून फुंकून वरच्या दोन्ही तोंडांना बोट लावा, दोन्हीकडे सारखी हवा लागली पाहिजे. एकीकडे जोरात आणि एकीकडे हलकी लागली तर ऑइल पण तसंच जाणार, एक रॉकर भिजणार आणि दुसरा कोरडा. असा पाइप सरळ बदला, वाकवलेला किंवा चेपलेला असेल तरी बदला.

पोकळ बोल्टचं पण तसंच, आतलं आडवं भोक आणि उभं भोक जिथे भेटतात तिथे बर राहिलेली असते, ती काढा. तांब्याचे वायसर परत वापरायचे असतील तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतात. आवळताना जोर काढू नका, बोल्ट पोकळ आहे, तुटला तर निम्मा हेडमध्ये राहतो आणि मग वागळे इस्टेटला एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडे हेड घेऊन जावं लागतं. गळतोय म्हणून अजून एक फेरा आवळायचा हा विचारच सोडा, गळतोय म्हणजे वायसर बदला. आणि सिलिकॉन पेस्ट या जोडांना कधीच लावायची नाही, कधीच म्हणजे कधीच, पेस्टचा एक तुकडा पुरतो पाइप बंद करायला.

पारदर्शक प्लास्टिकची नळी मध्ये टाकून ऑइल जाताना दिसावं अशी हौस काही जण करतात. ती गरम सिलेंडरच्या शेजारी आहे, मऊ होऊन निसटली तर ऑइल मागच्या टायरवर जाऊ शकतं. नको.

तिसरं काम: रॉकरचे ब्लॉक

रॉकर दोन तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये बसतात, खालचा आणि वरचा तुकडा जोडीने बनवलेला असतो. काढताना दोन्हीवर खूण करा, इनटेकचा वेगळा, एग्झॉस्टचा वेगळा, पुढची बाजू कुठली ते पण लिहा. खालच्या तुकड्याचं ऑइलचं भोक हेडमधल्या भोकावर बरोबर बसायला हवं. जोड्या अदलाबदल झाल्या किंवा उलटा बसला तर पाइपातून कितीही ऑइल आलं तरी बेअरिंगला मिळत नाही, आणि अशा गाड्या मी पाहिल्यात ज्यात पंप बदलला, पाइप बदलला, आणि भानगड होती ब्लॉक उलटा बसल्याची.

इथे खरं मॉडिफिकेशन करता येतं आणि ते छोटंच आहे. ब्लॉकच्या भोकाच्या तोंडाला हाताने थोडा चँफर द्या, म्हणजे भोकाची धारदार कड जाऊन तोंड थोडं पसरट होतं आणि ऑइल बेअरिंगच्या रुंदीवर लवकर पसरतं. ड्रिल मशीनने नाही, मोठ्या बिटला हातात धरून दोन-तीन वेळा फिरवायचं. मग बाराशे नंबरचा पॉलिश पेपर, मग धुणं. रॉकरचा शाफ्ट जिथे फिरतो तिथे नख फिरवून बघा, नख अडकत असेल तर पृष्ठभाग ओरखडलाय, तो रॉकर आणि ब्लॉक जोडीने बदला. ऑइल कितीही वाढवलं तरी खराब झालेलं बेअरिंग परत शांत होत नाही. बसवताना सगळीकडे हाताने ऑइल लावा आणि ब्लॉक सारखे-सारखे थोडे आवळत जा, एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसरी असं नको, रॉकर बोटाने सहज हलतोय ना ते प्रत्येक वेळी बघा. ब्लॉक उचलले म्हणजे टॅपेट परत सेट करणं आलंच.

चौथं काम: पंप लॅप करणं, म्हणजे पेस्टने घासून डिस्क नीट टेकवणं

हेच या सगळ्यातलं सगळ्यात जास्त फायदा देणारं काम, आणि सगळ्यात कमी लोक करतात.

फूटरेस्ट आणि सायलेन्सर आड येतात ते काढा, ऑइल काढून घ्या. खाली टाकीचा प्लग वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा, दोन्ही उघडा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून रिसायकलवाल्याला द्या, गटारात ओतलेलं शेवटी खाडीत जातं. टायमिंग कव्हर ओढून काढायचं नाही, स्पिंडल वर्ममध्ये अडकलेला असतो, हळू हलवत काढा, लागलं तर इंजिन थोडं फिरवा. वर्मला हात लावायचं कारण नाही, पण लावलाच तर त्याचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा.

पंपाची झाकणं उघडली की स्प्रिंग, डिस्क आणि प्लंजर निघतात. फीडचे आणि रिटर्नचे वेगवेगळ्या डब्यात ठेवा, रिटर्नचा मोठा असतो कारण त्याला फीडपेक्षा जास्त उचलावं लागतं. आता डिस्कचा तळ आणि कव्हरमधली तिची बैठक उजेडात तिरकी धरून बघा. गोल ओरखडे आणि मध्येच चकचकीत पट्टा दिसत असेल तर डिस्क पूर्ण टेकत नाही, ऑइल कडेने मागे पळतंय. कव्हरच्या ऑइलच्या भोकांत ग्रीस भरा म्हणजे पेस्ट आत जाणार नाही. डिस्कला तांदळाच्या दाण्याएवढी फाइन ग्राइंडिंग पेस्ट, बैठकीवर ठेवून हलक्या हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, मधून मधून उचलून जागा बदलायची. दाबायचं नाही, कव्हर अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, मऊ आहे. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की थांबा, पेस्ट पुसून शेवटचा हात ब्रासोने मारा. मग धुवा, आणि धुणं म्हणजे रॉकेल, ब्रश, हवा, परत रॉकेल, परत हवा, ग्रीस पूर्ण बाहेर, कारण पेस्टचा एक कण राहिला तरी तो बिग एंड खाणार. या धुण्याला लॅपिंगपेक्षा जास्त वेळ लागला तर काम बरोबर चाललंय समजा.

टेस्ट अशी: थोडं ऑइल लावून डिस्क-प्लंजर बसवा, डिस्क बोटाने दाबून धरा, स्पिंडल हाताने फिरवा आणि भोकावर बोट ठेवा, ओढ आणि ढकल दोन्ही स्पष्ट जाणवली पाहिजे. स्प्रिंग नवीन टाका, झाकणाला जाड गॅसकिट टाकू नका कारण त्याने स्प्रिंगचा दाब कमी होतो. टायमिंग कव्हरचं नवीन गॅसकिट आधी कोरडंच कव्हरवर ठेवून ऑइलचं प्रत्येक भोक जुळतंय का बघा, लोकल गॅसकिटमध्ये एखादं भोक पाडलेलंच नसतं असं होतं. क्रँकच्या टोकाला ऑइल जातं तिथलं सील आणि फेल्ट फिल्टर पण याच वेळी नवीन.

मोठा पंप कधी

एवढं करून गाडी नीट चालली तर थांबा. ३५० ची ५०० सीसी करणारं किट लावलंय, इंजिन जोरात चालवता, कसारा-माळशेज घाट नेहमीचा आहे, तर मोठ्या क्षमतेच्या पंपाचं किट लावायला अर्थ आहे. पण फक्त फीड मोठा लावू नका. फीडने जास्त आणलं आणि रिटर्नने तेवढं उचललं नाही की क्रँककेस भरतो. दोन्ही एकत्र बदला, किंवा फक्त रिटर्न. आणि नवीन आलेल्या डिस्क पण लॅप कराव्याच लागतात, पाकिटातून काढून थेट बसवल्या तर जुन्या लॅप केलेल्या पंपापेक्षा वाईट चालतात.

पहिल्यांदा सुरू करताना

ऑइल २०डब्ल्यू५०, सगळं रिकामं केलं असेल तर सव्वादोन लिटरच्या आसपास, डिपस्टिकवर बघत भरा. ऑइलच्या कॅनने पाइप भरून घ्या, रॉकरवर हाताने ओता, फिल्टरच्या जागेत पण ओता. चावी बंद, डिकंप्रेशर (सिलेंडरचं कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून भरपूर किक मारा, घाम निघाला तरी चालेल. मग सुरू करून मागचा बँजो थोडा सैल ठेवून बघत राहा, एक-दोन मिनिटांत ऑइल दिसलं नाही तर बंद करून पंपाकडे परत जा, रेस देऊन आणायचा प्रयत्न करू नका.

आयडलचं शेवटी सांगतो कारण यावर भांडणं होतात. पंप इंजिनापेक्षा खूप हळू फिरतो. तो डुग-डुग-डुग एकेक ठोका मोजता येईल असा आयडल ऐकायला मस्त वाटतो, मला पण आवडतो, पण माजिवड्याच्या सिग्नलला मे महिन्यात गरम इंजिन तसं ठेवलं की पातळ झालेलं ऑइल आणि जेमतेम फिरणारा पंप, दोन्ही मिळून रॉकर उपाशी राहतात. स्क्रू थोडा चढवा, साधारण हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, ठाणे-बेलापूर रोडला ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत जाम असेल तर सरळ बंद करून उभे राहा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यातून गाळून बघा, चकाकणारे कण दिसले तर मागचा बँजो परत सैल करून ऑइल बघा आणि रॉकर कव्हर परत उघडा.